हातांची जागा : ट्रॅक सायकलचे हँडल आणि स्टेम

प्रस्तावना

ट्रॅक सायकलला ब्रेक नसतो. गिअर बदलायची सोय नसते, आणि पायडल थांबवून नुसते घरंगळत जाण्याचीही मुभा नसते. चाक फिरते तोवर पाय फिरतात. त्यामुळे तिच्या हँडलवर एकही लिव्हर नसते, एकही केबल नसते. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचे हँडल कसे वळवायचे हे बरेचसे ब्रेक-गिअरच्या लिव्हर कुठे बसतात यावर ठरते, कारण स्वाराचे हात बहुतेक वेळ त्यांच्यावरच विसावलेले असतात. ट्रॅकवर ते बंधन नाही. तिथे हँडलचा आकार केवळ हातांसाठी आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दंड, खांदे, पाठ यांच्यासाठी घडवता येतो. म्हणूनच ही वाकवलेली नळी आणि तिला फोर्कशी जोडणारा वीतभरापेक्षाही लहान तुकडा, म्हणजे स्टेम, या दोघांवर एक अख्खे पुस्तक लिहावेसे वाटले.

या दोन भागांची निवड आपल्याकडे बहुधा उलट्या क्रमाने होते. कुणा विजेत्याचा फोटो पाहून हँडल पसंत पडते, मग दुकानात असेल तो स्टेम त्याला लावला जातो, आणि शेवटी शरीराने दोघांशी जमवून घ्यायचे. या पुस्तकाचा सारा आग्रह हा क्रम सुलटा करण्याचा आहे. आधी शर्यत कोणती ते ठरवा. त्या शर्यतीत हात नेमके कुठे असायला हवेत ते शोधा. तिथे हातांना धरायला कोणता आकार सोयीचा, ते पाहून हँडल निवडा. आणि मग जे अंतर, जी उंची उरेल ती भरून काढायला स्टेम घ्या. स्टेम शेवटी, कारण या साऱ्यांत तो सर्वांत स्वस्त आणि बदलायला सर्वांत सोपा. हँडल चुकले तर खर्च वाया जातो. स्टेम चुकला तर मित्राचा मागून आणून काम भागते.

नवख्या वाचकासाठी थोडी ओळख. हँडलची चार मापे महत्त्वाची. रुंदी, वरच्या आडव्या भागापासून खालच्या पकडीपर्यंतची खोली, आडवा भाग पुढे किती झेपावतो ते अंतर, आणि खांद्याचा बाक, म्हणजे नळी आडवी असताना ज्या वळणाने खाली उतरते ते वळण. ट्रॅकच्या हँडलची ओळख या चौथ्या गोष्टीत आहे. रस्त्यावरच्या हँडलचा वरचा भाग सरळ बाजूला जातो आणि टोकाशी एकदम पुढे वळतो. ट्रॅकचे हँडल स्टेमपासून निघाले की लगेच उतरू लागते. स्वार सीटवरून उठून खालच्या पकडीवर जोर लावतो तेव्हा त्याचे मनगट आणि हाताची आतली बाजू नेमकी त्या कोपऱ्यात येते. तिथे नळी असेल तर प्रत्येक झोक्याला ती हाताला लागते. उतरत्या खांद्यामुळे ती जागा मोकळी होते. एकदा हे लक्षात आले की कोणतेही हँडल हातात घेताना नजर आधी त्या कोपऱ्याकडे जाते.

स्टेमची मापेही मोजकीच आहेत : लांबी, कोन, हँडल पकडणाऱ्या कड्याचा व्यास, आणि फोर्कशी जोडण्याची पद्धत. जुन्या पद्धतीचा स्टेम फोर्कच्या नळीत वरून आत उतरतो आणि आतल्या पाचरीने घट्ट होतो. एक इंची फोर्कसाठी त्याची दांडी २२.२ मिलिमीटर जाडीची असते. नव्या पद्धतीचा स्टेम फोर्कच्या वर आलेल्या नळीला बाहेरून कवळतो. जुन्याची उंची पाना घेऊन मिनिटात बदलते. नव्याची उंची त्याच्या खालच्या चकत्या काढून-घालून बदलावी लागते, पण त्याची पकड अधिक ताठ असते.

कड्याच्या व्यासाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सर्वाधिक घोळ इथेच होतो. जपानी ट्रॅक हँडल मध्यावर २५.४ मिलिमीटर असते, इटालियन परंपरेतले २६.०, आणि चिनेल्लीची जुनी हँडले २६.४. आजची बहुतेक ३१.८. पहिल्या तिघांत फरक एका मिलिमीटरइतकाच आहे, आणि डोळ्यांना तो दिसत नाही. २६.० च्या स्टेममध्ये २५.४ चे हँडल जाते, बोल्ट आवळला की घट्ट झाल्यासारखेही वाटते. मग कुणीतरी डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये सरकवतो. सावकाश फेऱ्या मारताना सारे ठीक चालते, आणि पहिल्याच जोरदार स्टार्टला हँडल हातातल्या हातात खाली फिरते. व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही मापे घेतल्याशिवाय हे दोन भाग एकत्र आणू नयेत, हे पुस्तकात जागोजागी आले आहे, आणि ती पुनरुक्ती जाणूनबुजून ठेवली आहे.

व्यास वाढवण्यामागे कारण आहे. पातळ नळीचा ताठपणा, तिच्या पत्र्याची जाडी तीच ठेवली तर, व्यासाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. २५.४ वरून ३१.८ वर गेले की मध्यावरचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. उभ्या स्टार्टला स्वार एका हाताने हँडल वर ओढतो आणि दुसऱ्याने दाबतो, तेव्हा पायातून निघालेली ताकद नळीच्या पिळात किती मुरते, हे या आकड्यात आहे.

इतिहासाकडे वळताना सुरुवात मेजर टेलरपासून करावी लागते. हा कृष्णवर्णीय अमेरिकन स्प्रिंटर १८९९ मध्ये माँट्रियलला जगज्जेता झाला. त्या काळी बहुतेक स्वार ताठ बसत. टेलरने हँडल पुढे नेणारा, सरकवता येणारा स्टेम वापरला आणि पाठ आडवी केली. पुढे त्या रचनेला त्याचेच नाव चिकटले. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने तो साधा लोखंडी तुकडा होता, पण त्यामागचा विचार आजही जुना झालेला नाही : हातांची जागा माणसागणिक बदलते, म्हणून ती हलवता आली पाहिजे. पुढच्या सव्वाशे वर्षांत या विचाराचा अनेकदा विसर पडला आणि तो पुन्हापुन्हा नव्याने सापडला.

युरोपात, विशेषतः इटलीत, युद्धानंतरच्या काळात ट्रॅक हँडलचा अभिजात आकार स्थिरावला : पोलादी नळी, खोल गोल बाक, उतरते खांदे. १९४३ ची मिलान-सान रेमो शर्यत जिंकणारा चिनो चिनेल्ली शर्यती सोडून याच धंद्यात उतरला, आणि त्याच्या नावाचे हँडल व स्टेम अनेक दशके स्वारांच्या आणि मेकॅनिकांच्या लेखी मापदंड ठरले. त्या खोल बाकाचे कारण त्या काळच्या शर्यतींत आहे. सहा दिवसांच्या शर्यतींत आणि मॅडिसन या जोडीने धावायच्या शर्यतीत स्वार तासन्‌तास फिरत. वर हात ठेवून सुस्तावणे, खाली वाकून धावणे, एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने जोडीदाराला पुढे झुगारणे : एकाच हँडलवर हे सगळे करायचे असे. मॅडिसन आजही आहे, आणि त्या शर्यतीत अतिअरुंद हँडल घेऊन उतरणारा स्वार जोडीदाराला झुगारण्याच्या क्षणी डगमगतो. एका हाताने सायकल सांभाळायची तर त्या हाताला तरफेची लांबी लागते.

जपानची परंपरा अगदी वेगळ्या गरजेतून आली. १९४८ मध्ये कोकुरा शहरात केरिन सुरू झाली. ही पैज लावण्याची शर्यत, आणि हेतू युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावांसाठी पैसा उभा करण्याचा. पैज लावणाऱ्याचा विश्वास टिकायचा तर कोण जिंकले ते माणसाच्या जोरावर ठरले पाहिजे, यंत्राच्या नाही. म्हणून तिथे चौकट, हँडल, स्टेम, पायडल, साऱ्यांना मंजुरीचा शिक्का लागतो; संघटनेच्या नावाची एनजेएस ही तीन अक्षरे त्या भागांवर ठोकलेली असतात. नित्तो या जपानी कंपनीचे पोलादी हँडल आणि खाली झुकलेला स्टेम ही त्या जगाची ओळख. केरिनमध्ये स्वार एकमेकांना खांद्याने, कोपराने रेटतात, पडतातही. पोलाद पडल्यावर वाकते आणि वाकलेले दिसते. कार्बन बाहेरून शाबूत दिसत असताना आतून तडकलेला असू शकतो. केरिनचे हँडल मागासलेले आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. याच परंपरेतला कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचा जगज्जेता होता.

तिसरी परंपरा वाऱ्याशी झुंजणाऱ्यांची : परस्यूट आणि एका तासाचा विक्रम. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला तो साध्या खाली वळलेल्या हँडलवर; त्याचा स्टेम वजन वाचवायला टायटॅनियमचा केला होता. बारा वर्षांनी फ्रांचेस्को मोझेर त्याच शहरात आला तेव्हा हँडलची टोके बैलाच्या शिंगांसारखी पुढे वळली होती, आणि अंतर ५१ किलोमीटरच्या पलीकडे गेले. १९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडने शेवटच्या टाइम ट्रायलला कोपरे टेकवायचे, हात पुढे लांबवायचे हँडल लावले आणि एकूण ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. ट्रॅकवर येताना ती कल्पना आणखी पुढे गेली.

ग्रॅम ओब्रीबद्दल पुस्तकात सविस्तर आले आहे, कारण हातांची जागा मुळापासून विचारात घेणारा त्याच्यासारखा दुसरा स्वार मला माहीत नाही. स्कॉटलंडच्या या माणसाने स्वतःच्या हातांनी सायकल बांधली, तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग वापरले, आणि हात छातीखाली घडी घालून, मुठी खांद्यांजवळ आणून, जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामारला ५१.५९६ किलोमीटर पार केले. आठवड्याच्या आत क्रिस बोर्डमनने बोर्दोला ५२.२७० करून तो विक्रम मोडला. १९९४ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, यूसीआयने, ओब्रीची बैठक अवैध ठरवली. तो पुढच्या वर्षी दुसरी बैठक घेऊन आला : दोन्ही हात सुपरमॅनसारखे सरळ पुढे ताणलेले. त्या बैठकीवर तो बोगोटात जगज्जेता झाला. तीच बैठक घेऊन बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला ५६.३७५ किलोमीटर गाठले, आणि मग तीही बंद झाली. नेहमीच्या, नियमात बसणाऱ्या बैठकीने हा आकडा ओलांडला तो २०२२ मध्ये, ग्रेंखेनला, फिलिपो गान्नाने : ५६.७९२. मधल्या २६ वर्षांत चाके, कपडे, हेल्मेट, साखळी, प्रशिक्षण, सारे सुधारले होते. हात कुठे ठेवले यावर किती अवलंबून असते, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा मी दाखवू शकत नाही.

यूसीआयच्या बंदीमुळे एका स्वाराची प्रतिभा दडपली गेली, हे खरे आणि खेदाचे. पण त्या बंदीनेच हँडल आणि स्टेमची निवड बारीक कारागिरीचा विषय बनवली, हेही मानायला हवे. मोठे बदल करायची वाट बंद झाल्यावर मिलिमीटर आणि अंश मोलाचे झाले. २०१५ मध्ये ब्रॅडली विगिन्सने लंडनला ५४.५२६ किलोमीटर केले तेव्हा त्याच्या हातांखालचा भाग टायटॅनियमची भुकटी थरावर थर वितळवून, त्याच्या एकट्याच्या मापाने छापलेला होता.

सध्याची हवा अरुंद हँडलची आहे, आणि तिच्यामागे साधे गणित आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. सायकल आणि स्वार मिळून हवेला जे अडथळ्याचे क्षेत्रफळ दाखवतात ते ताशी ६० किलोमीटरला चौरस मीटरच्या शंभराव्या हिश्शाने कमी झाले, तर सुमारे २६ वॉट वाचतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॅरी लाव्हरेसनने धावत्या सुरुवातीचे २०० मीटर ९.०८८ सेकंदांत पार केले. हा वेग ताशी ७९ किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाला कोपरे आत घेऊन मिळणारा फायदा प्रचंड आहे, आणि स्प्रिंटरांनी हँडल अरुंद करत नेले ते उगाच नाही. इतके की २०२३ पासून यूसीआयच्या नियमांत किमान रुंदीचा आकडा आला : बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ३५० मिलिमीटर. हे नियम बदलत राहतात; खरेदीआधी चालू नियमावली पाहणे हा खरेदीचाच भाग समजावा.

पण अरुंद हँडल घेतले की वेग आला, हा ‘पी हळद अन् हो गोरी’ प्रकार आहे. हँडल अरुंद केले की हाताच्या तेवढ्याच हालचालीने चाक जास्त वळते. अनुभवी स्वार ते सांभाळतो. सोळा वर्षांचा मुलगा ४२ अंशांच्या उतारावर, तीन सायकलींच्या घोळक्यात, ते सांभाळेलच असे नाही. शिवाय उभ्या स्टार्टला सायकल डावी-उजवीकडे झुकते तेव्हा तिला आवरायची तरफ आखूड पडते. टीम स्प्रिंटमध्ये पहिला स्वार एकच फेरी मारतो, आणि त्याची बहुतेक किंमत गेटमधून सुटण्याच्या पहिल्या काही सेकंदांत असते. तिसरा स्वार दोन फेऱ्या आडोशाला राहून तिसरी एकटा काढतो. या दोघांना एकच रुंदी देणारा प्रशिक्षक माझ्या मते विचार टाळतो आहे.

घरात रोलरवर किंवा ट्रेनरवर बैठक ठरवणाऱ्यांच्या हिशोबातून एक गोष्ट हटकून निसटते, म्हणून तिच्यावर जरा अधिक लिहिले आहे. २५० मीटरच्या ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या साधारण २२ मीटर धरा आणि वेग ताशी ७० किलोमीटर. वळणात शरीरावर येणारा एकूण भार स्वतःच्या वजनाच्या दुप्पट होतो. डोके दुप्पट जड, खांदे दुप्पट जड, आणि हातांवर येणारा भारही दुप्पट. प्रत्येक फेरीत हे दोनदा घडते. स्थिर सायकलवर लांब स्टेम आणि खाली गेलेले हँडल झकास वाटते. वळणात तेच हात कोपरातून मुडपतात, नजर खाली जाते, आणि पुढच्या चाकावर गरजेपेक्षा जास्त भार येतो. बैठक ट्रॅकवरच तपासावी, तीही वेगात, आणि शक्य तर बाजूने व्हिडिओ काढून. खोलीतले माप हा पहिला अंदाज असतो.

पुस्तकात आकडेमोड आहे, पण ती शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. उदाहरण देतो. फोर्कचा कोन ७४ अंश, स्टेम १२० मिलिमीटर लांब आणि ६ अंशांचा. तो खाली झुकवून बसवला तर जमिनीच्या तुलनेत तो १० अंश वर चढलेला असतो आणि हँडल फोर्क कवळणाऱ्या कड्याच्या मध्यापासून २१ मिलिमीटर वर येते. तोच स्टेम काढून उलटा बसवला की चढ २२ अंशांचा होतो आणि हँडल ४५ मिलिमीटर वर जाते. म्हणजे खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे, आणि हात २४ मिलिमीटर वर गेले, शिवाय सात मिलिमीटर मागेही आले. हे मागे येणे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तसेच स्टेमखालची १० मिलिमीटरची एक चकती काढली तर हँडल खाली जाताना सुमारे तीन मिलिमीटर पुढेही सरकते, कारण फोर्कची नळी तिरपी आहे. ‘फक्त थोडे खाली केले’ असे म्हणणाऱ्याचा हात खाली आणि पुढे असा दोन्हीकडे गेलेला असतो, आणि पाठ दुखते ती बहुधा त्या पुढे जाण्यामुळे. जुन्या ट्रॅक सायकलींचे स्टेम १७ अंश झुकलेले का असत, हेही याच गणितातून उलगडते : अशा फोर्कवर ते जमिनीला जवळजवळ समांतर बसतात.

मजबुतीचा प्रश्न पुस्तकात स्वतंत्र ठेवलेला नाही. तो प्रत्येक निवडीत मिसळलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची ट्रॅक शर्यत इझूच्या वेलोड्रोममध्ये चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पोर्टरचे हँडल टीम परस्यूटच्या पात्रता फेरीत तुटले आणि तो तोंडावर आपटला. संघाला पुन्हा धावायची संधी मिळाली, आणि शेवटी त्यांनी कांस्यही जिंकले. नंतरच्या चौकशीतून निघालेला निष्कर्ष प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावा असा आहे : ते हँडल ज्या भारासाठी तपासले गेले होते, त्यापेक्षा प्रत्यक्ष शर्यतीत येणारा, पुन्हापुन्हा येणारा भार जास्त होता. धातू एका झटक्याने क्वचित तुटतो. हजारो लहान झटक्यांनी थकतो. एवढ्या श्रीमंत संघाला, एवढ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे चुकू शकते, तर आपल्याकडे चौथ्या हाताने आलेले, किती पडले-आपटले ते माहीत नसलेले कार्बन हँडल एखाद्या ज्युनियर स्वाराच्या हाती देताना आपण काय करतो, याचा विचार व्हायला हवा.

याच जागी हा विषय आपल्या दाराशी येतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आहे; पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात उघड्यावरचा वेलोड्रोम आहे. २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट आन देर ओडर इथे भारताच्या मुलांनी ज्युनियर टीम स्प्रिंटचे जागतिक सुवर्ण जिंकले. त्या संघात अंदमान-निकोबारचा एसो अल्बेन होता. मुले आहेत, वेग आहे. पण चांगल्या मापाची साधने आपल्याकडे महाग आणि दुर्मीळ असतात, आणि एकच सायकल तीन उंचींच्या मुलांना वाटून दिली जाते. अशा वेळी चौकट बदलता येत नाही; सीटची उंची, हँडल आणि स्टेम एवढेच हातात राहतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या क्लबकडे ८०, १००, १२० मिलिमीटरचे तीन स्टेम आणि दोन रुंदींची हँडले असली तर तीच सायकल तीन मुलांना बऱ्यापैकी बसवता येते. मराठीत हे लिहिण्याचे मुख्य कारण हेच. हे काम करणारे प्रशिक्षक आणि मेकॅनिक आपापसांत मराठीतच बोलतात, आणि त्यांच्यापाशी असलेले ज्ञान तोंडी आहे, विखुरलेले आहे, कुणी निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या पद्धतीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्टेम पोलादी फोर्कमध्ये वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर खारट दमट हवेत दोन धातूंची रासायनिक जोडी जमते आणि तो आत जाम होतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे नेहमीचे आहे. मग हातोडी निघते, हँडल पिळून फिरवले जाते, आणि कित्येकदा फोर्क वाकतो. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, स्टेम बाहेर काढून पुसावा, दांडीला ग्रीस लावून परत बसवावा. दांडीवर आडवी खूण असते, तिच्यापेक्षा वर स्टेम कधी काढू नये. काढलेला असतानाच पाचरीजवळची चीर आणि हँडलच्या कड्याखालची जागा भिंगातून पाहावी. हँडलही सैल करून मध्यावर कपड्याने पुसून बघावे. तडा बहुधा कड्याच्या काठालगत, चमक गेलेल्या बारीक रेषेसारखा सुरू होतो. अशी रेष दिसली तर हँडल त्याच दिवशी करवतीने दोन तुकडे करून टाकावे, म्हणजे दुसरा कुणी ते उचलून लावणार नाही.

पुस्तक काय करत नाही, तेही सांगून ठेवतो. उंची इतकी तर स्टेम इतका, असे तक्ते यात नाहीत. एकाच उंचीच्या दोन माणसांचे हात, धड आणि कंबरेची लवचीकता इतकी वेगळी असते की असा तक्ता मदत करण्यापेक्षा दिशाभूल जास्त करतो. यात कुठल्या कंपनीची शिफारस नाही. नावे आली आहेत ती इतिहासापुरती. शहरातल्या रस्त्यांवर बिनब्रेकच्या सायकली चालवणाऱ्यांच्या हँडलबद्दलही यात काही नाही, कारण तिथल्या गरजा आणि धोके दोन्ही निराळे आहेत, आणि रहदारीत ब्रेक असावाच असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तक शर्यतीच्या प्रकारानुसार पुढे सरकते. वाचकाने हवे तर आपल्या शर्यतीपासून सुरुवात करावी; मात्र मापे घेण्याचा भाग कुणी वगळू नये.

त्यासाठी वाचायला बसण्यापूर्वी एवढी तयारी करावी. सायकल भिंतीला लावून सरळ उभी करा. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या. जमिनीपासून सीटच्या माथ्याची आणि हँडलच्या खालच्या पकडीची उंची घ्या. हँडलची रुंदी दोन्ही तऱ्हांनी मोजा : टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत आणि बाहेरून बाहेर, कारण कंपन्या यांपैकी कोणतीही एक छापतात आणि कोणती ते सांगत नाहीत. स्टेमची लांबी त्याच्या दोन्ही कड्यांच्या मध्यांमध्ये मोजा, कोन त्यावर कोरलेला असेल तर टिपून घ्या, आणि कड्याचा व्यास कॅलिपरने बघा. हे सारे आकडे तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या पानांत जिथे जिथे ‘तुमचे सध्याचे माप’ असा उल्लेख येईल, तिथे हे पान उघडे लागेल.